गाडी यार्डात, टाक देव्हाऱ्यात

ती घटना आठवायला मला निमित्त शोधावं लागत नाही. मोबाईलच्या नकाशावर निळा ठिपका सरकताना दिसला की पुरे. मुलगी गाडी चालवत असते, म्हणते, "बाबा, फोन धरा आणि पुढचं वळण सांगा," आणि मी फोन तिच्याच मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसतो. तिला वाटतं म्हाताऱ्याला नकाशा कळत नाही. वाटू दे.

खाकीत माझा जन्म गेला. भीती कधी वाटलीच नाही असं सांगणारा पोलीस थापा मारतो. मलाही वाटली, पण बहुतेक वेळा ती जिवंत माणसांची असायची, हातात काहीतरी घेऊन समोर उभ्या राहिलेल्या. या एका प्रकरणात मात्र भर दुपारी, माझ्याच ठाण्याच्या दारात, एका रिकाम्या मोटारीची भीती वाटली. म्हणून हे लिहायला बसलो आहे. नावं कोणाचीच देणार नाही. गाव खारबावच्या बाजूचं, खाडीकाठचं, एवढं पुरे.

तेव्हा मी भिवंडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, चहा यायचा होता. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर एक बाई उभी होती. साठीची, काटक, लुगडं नेसलेली, आणि पदरात काहीतरी जपून धरलेलं. मला वाटलं दागिना असेल. निघाला मोबाईल.

"सायब, माजा पोऱ्या घरी येत न्हाय," ती म्हणाली.

"शेवटचा कुठे दिसला?" अंमलदाराने नेहमीचा प्रश्न विचारला.

"आता दिसतो की. हा बगा." तिने फोन पुढे केला. पडद्यावर आमच्या भागाचा नकाशा होता आणि शेलार गावच्या रस्त्यावर एक निळा ठिपका हळूहळू सरकत होता.

अंमलदाराला हसू आलं. मीही मनात म्हटलं, घ्या, हरवलेला माणूस नकाशावर फिरतोय आणि आई ठाण्यात आली आहे. पण बाई हसण्यासारखी नव्हती. मी तिला आत बोलावून बसवलं आणि सगळं नीट विचारून घेतलं.

नवरा लवकर गेलेला. मुलगा एकुलता एक, वळ गावातल्या गोदामात सुपरवायझर. लग्न ठरलेलं. काही महिन्यांपूर्वी त्याने नवीकोरी पांढरी मोटार दारात आणून उभी केली होती. आई सारखी फोन करायची, कुठे पोचलास, जेवलास का, म्हणून त्याने तिच्या फोनवर हा नकाशा चालू करून दिला होता. त्याने तिला जे सांगितलं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "आये, हा ठिपका म्हंजे मी. ठिपका हालतो तवर मी बरा हाय, असं समज."

आता तो दोन-तीन दिवस घरी आला नव्हता. फोन बंद. ठिपका मात्र रोज सकाळी शेलारवरून निघून वळ गावाला जात होता आणि संध्याकाळी परत येत होता.

"ड्युटीला जातो, सायब. मंग घरी का येत न्हाय? माजं काय चुकलं?" ती म्हणाली. तिला एवढंच हवं होतं. पोरगा जिवंत आहे यात तिला शंकाच नव्हती. तो का रुसलाय ते पोलिसांनी विचारून सांगावं, म्हणून ती आली होती.

आम्ही मिसिंग दाखल केली. फोटो, वर्णन, अंगावरचे कपडे, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश, फोनचे तपशील मागवण्याचं पत्र. एक जुना हवालदार माझ्या हाताखाली होता, बोलायला तिखट आणि कामाला वाघ. त्याला म्हटलं, बाईचा फोन घे आणि वळ गावी जाऊन बघून ये. तो दुपारी परतला ते तोंड वाकडं करूनच.

"साहेब, पोरगा गोदामात कामावर आलेलाच नाही. गेटवरचा वॉचमन छातीठोक सांगतो. आणि ठिपका तर तिथेच दाखवत होता, दोन गोदामं सोडून. मी तिथे पोचलो तर पुढे गेलेला. पुन्हा मागे गेलो तर पुन्हा पुढे. हे काय लपाछपी चाललीय का?"

"गाडीचा नंबर?"

"आईला येत नाही. त्या चुलत भावाला विचारलं, तो म्हणतो लक्षात नाही."

हा चुलत भाऊ म्हणजे मुलाच्या मोठ्या काकांचा मुलगा. चाळिशीचा, गावात वजन असलेला, कपाळाला गंध, गळ्यात माळ. तोच त्या बाईला रोज मोटारसायकलवरून ठाण्यात आणायचा आणि बाहेर नेटाने वाट बघत थांबायचा. मुलाचं लग्नही त्यानेच जमवलेलं. हवालदाराने त्याच्याकडून गाडीच्या पूजेचा फोटो आणला होता. सगळी भावकी, मध्ये पांढरी मोटार, पुढे हाच माणूस हातात नारळ घेऊन. नंबराच्या पाटीवर मात्र झेंडूचा हार असा सोडलेला की एक आकडा दिसेल तर शपथ.

दरम्यान फोनचे तपशील आले. ज्या दिवशी मुलगा घरून निघाला त्याच दिवशी फोन खारबावच्या बाजूला बंद पडला होता, तो पुन्हा सुरू झालाच नाही. माणसाचा फोन मेलेला आणि गाडी रोज ड्युटीला जाते, हे गणित मला काही केल्या जमेना. ठाण्यातली पोरं आपापसात कुजबुजायला लागली. बाई येऊन बाकावर बसली की तिच्या हातातल्या फोनकडे बघायचं सगळेच टाळायचे. ती मात्र स्वतःशी बोलल्यासारखी सांगत राहायची, "आता नाक्यावर हाय. आता सिग्नलला थांबला."

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका दुपारी ती अशीच बसली होती. मी आत जेवणाचा डबा उघडत होतो. तिचा आवाज आला, "आला. इकडंच आला." पहिल्यांदा कोणी लक्ष दिलं नाही. मग ती उभी राहिली. "सायब, तो इथं येतो!"

मी बाहेर आलो. ठिपका मुख्य रस्ता सोडून आमच्या गल्लीत वळला होता. थांबत थांबत, एकेक बोट पुढे येत होता. ठाण्याच्या चौकोनापाशी आला आणि उभा राहिला. आम्ही सगळे दाराकडे पळालो. फाटकासमोर एक पांढरी मोटार उभी होती. आत कोणी नव्हतं. काचा बंद, दारं बंद, रस्ता दुपारचा सुनसान. बाई सरळ गाडीपाशी गेली आणि तिने बॉनेटवर तळवा ठेवला.

"गरम हाय," ती म्हणाली. मग मागच्या दाराजवळ वाकली, एका ओरखड्यावरून बोट फिरवलं. "माज्या हंड्यानं पडला व्हता. हीच गाडी." आणि तिने मुलाला हाक मारली. घरात कोणी दुसऱ्या खोलीत असताना मारतो, तशी साधी हाक. माझ्या अंगावर काटा आला, सांगायला लाज कसली.

तेवढ्यात मी आणखी एक गोष्ट पाहिली. आम्ही सगळे गाडीकडे धावलो होतो, हवालदार, शिपाई, समोरचा टपरीवालासुद्धा. एक माणूस मात्र मागे सरकला. तो चुलत भाऊ. सरकत सरकत भिंतीला टेकला आणि तिथेच राहिला. काकीच्या मदतीला आला नाही.

"काय झालं? गाडी इथे लावायची नाही का?" समोरच्या मेडिकलमधून औषधांची पिशवी घेऊन एक बाई लगबगीने आल्या. तिशीच्या, गळ्यात गोदामाचं ओळखपत्र.

"गाडी तुमची आहे?" मी विचारलं.

"हो. म्हणजे, माझी अशी नाही," त्या म्हणाल्या. "सबस्क्रिप्शनची आहे. महिन्यावर घेतलेली."

हे प्रकरण होईपर्यंत मला या भानगडीची फक्त ऐकीव माहिती होती. मॅडमनी समजावून सांगितलं. गाडी विकत घ्यायची नाही. कंपनीला दरमहा ठरलेले पैसे द्यायचे, विमा, दुरुस्ती सगळं कंपनीचं. कंटाळा आला की गाडी बदला, बदली झाली की परत करा. वळच्या गोदामांत दर काही महिन्यांनी बदलणारे लोक भरपूर, त्यांना हे सोयीचं. या गाड्यांची पाटी खासगी गाडीसारखीच पांढरी, त्यामुळे बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मॅडम शेलारला राहत होत्या, वळला कामाला होत्या. रोज ठिपका सरकत होता तो त्यांचा. मुलाने गाडी महिन्यावर घेतली होती आणि आईच्या फोनवर त्या गाडीचा माग चालू केला होता. गाडी परत गेली, दुसऱ्याला दिली गेली, तो माग बंद करायचा मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलाची आई ऐकत होती. तिला सगळं कळलं नसावं, पण मुख्य ते कळलं. "म्हंजे ठिपका तो न्हाय?" तिने विचारलं. मी मान हलवली. याहून अवघड उत्तर मी नोकरीत एकदाच दिलं, आणि तेही तिलाच, पुढे.

मॅडम मात्र घुटमळत होत्या. "सर, एक विचारू? या गाडीचं आधी काही झालं होतं का? मी बदलूनच मागणार होते. एसी लावला की जाळीतून अधूनमधून तांदळाचे दाणे उडतात. माझ्या मांडीवर येऊन पडतात. लाल, कुंकू लावलेले. कंपनीने दोनदा साफ करून दिली, तरी येतातच. आई म्हणते कोणीतरी करणी केलीय."

मी गाडीत बसलो आणि पंखा पूर्ण सोडला. आधी नुसता वारा आला, त्याला धुपाचा मंद वास होता. मग एक दाणा टणकन काचेवर आपटून माझ्या हातावर पडला. अक्षता होती.

"मी तांदूळ टाकलं न्हाईत," मुलाची आई खिडकीपाशी येऊन म्हणाली. "मी निस्ता टाक ठेवायला लावलेला."

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसवलेली देवाची लहानशी प्रतिमा. त्या घराच्या देव्हाऱ्यात कुलदेवीचा टाक होता. गाडी आली तेव्हा आईच्या हट्टाखातर तो गाडीत, पुढच्या फळीवर बसवला होता. मी गाडीत बघितलं. टाक नव्हता.

"मावशी, टाक कुठे आहे आता?"

"घरी हाय की. देव्हाऱ्यात." ती सहज म्हणाली. "तो गायब झाला त्याच्या दुसऱ्या रोजी मी बाजाराला गेलती. परत येऊन बगते तं टाक जाग्यावर. तोच येऊन ठेवून गेला, सायब. म्हणून तं मी म्हनते, तो जिता हाय. मना भेटत न्हाय, पन देवाला भेटून गेला."

हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. इतके दिवस ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती, कारण तिच्या दृष्टीने ती तक्रारीची गोष्टच नव्हती. ती आनंदाची बातमी होती.

त्याच दुपारी आम्ही कंपनीच्या यार्डात गेलो. गोदामांच्या मागे पत्र्याचं कुंपण, आत ओळीने एकसारख्या पांढऱ्या गाड्या. कोणाची कुठली, काही पत्ता नाही. तिथल्या इनचार्जने सांगितलं, मुलाने गाडी परत करायची नोंद आदल्या दिवशीच केली होती, दुसरी मोठी गाडी हवी होती म्हणून. ठरल्या दिवशी गाडी यार्डात आली, चावी दारावरच्या पेटीत पडली. झालं.

"आणून कोणी दिली?"

"ते आम्ही बघत नाही, साहेब. गाडी आली, चावी आली, काम संपलं."

"माणूस?"

"माणसाची गरजच पडत नाही," तो अभिमानाने म्हणाला. कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण पुसलं गेलं होतं. जाता जाता एक गोष्ट मात्र तो बोलून गेला. खाडीकाठच्या गावांतून परत येणाऱ्या गाड्यांवर लिंबू, काळी बाहुली, देवांचे स्टिकर असतात, ते त्यांना खरवडून काढावे लागतात. ही गाडी तेवढी कोणीतरी पुसूनसवरून दिली होती. फळीवरचा चिकटपट्टीचा डागसुद्धा ठेवला नव्हता.

परत येताना जीप हवालदार चालवत होता. तोही कोकणातलाच, देवभोळा. यार्डाबाहेर पडताच म्हणाला, "साहेब, देव बसल्या जागेवरून असाच उचलत नाहीत. आधी अक्षता टाकून, हात जोडून परवानगी घेतात. आमच्या घरी तर ज्याने बसवला त्यानेच उठवायचा असतो."

आम्ही गाडी थेट त्या बाईच्या घरी घेतली. देव्हाऱ्यात टाक ओळीने मांडलेले होते, कुलदेवीचा मधोमध, आपल्या जागी. मी विचारलं, "मावशी, या टाकांना घरात हात कोण लावतं?"

"मालक गेल्यापासनं पुतन्याच. नवरात्राला घट तोच बसवतो. गाडीत टाकपन त्यानंच बसवला. माज्या पोऱ्याला मेल्याला पूजेतलं काय कळतंय!" बोलली आणि हसली. तोंडात मेल्या हा लाडाचा शब्द होता. मला तिथे थांबवेना. चहा टाकते म्हणाली, तो न घेताच निघालो.

चुलत भावावर संशय पक्का झाला होता, पण संशयावर कोर्ट चालत नाही. अक्षता आणि मांडणी बघून मी कोणाला आरोपी केलं असतं तर वकिलांनी माझी चटणी केली असती. मला ते ठिकाण हवं होतं. ते एकाच माणसाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला जबाबासाठी बोलावलं. स्वच्छ पांढरा शर्ट, गंध ताजं. समोर चहा ठेवला. त्याच्या अंगाला कोणी बोटही लावलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं पोलिसांना दुसरी भाषाच येत नाही. टेबलावर, आम्हा दोघांच्या मध्ये, मी आईचा फोन ठेवला. ठिपका चालू होता.

तासभर इकडचं तिकडचं बोललो. लग्न, पाऊसपाणी, गोदामांना गेलेल्या जमिनी. खोटं बोलणारा माणूस तोंडाने क्वचित सापडतो, तोंडाची त्याने तयारी केलेली असते. डोळ्यांची तयारी करायला विसरतो. त्याचे डोळे फोनवर होते. ठिपका शेलार सोडून खारबावच्या बाजूला निघाला तसा तो बोलायचा थांबला.

"ती बाई तिकडं जात न्हाय," तो म्हणाला.

"कोण बाई?"

"गाडीवाली. त्या दिवशी आलेली."

"त्या होय? त्या काय बाहेर बसल्यात," मी म्हटलं आणि खिडकीचा पडदा सारला. मॅडम बाकावर बसून मुलाच्या आईशी बोलत होत्या. मीच त्यांना विनंती करून बोलावलं होतं.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. मग फोनकडे. ठिपका खारबाव ओलांडून खाडीच्या रस्त्याला लागला होता.

"मंग गाडी कोन चालवतंय?"

मी चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. गाडी माझा हवालदार चालवत होता, साध्या कपड्यात. त्याला सांगितलं होतं, खाडीचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जा, कुठेही थांबू नकोस. कुठे थांबवायचं हे मला माहीत नव्हतंच. मी फोनकडे बघतही नव्हतो. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

त्याच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं. ओठ हलत होते, कदाचित देवाचं नाव घेत असेल. "पुडं जा," तो पुटपुटला. "पुडं जा रे बाबा." आणि मग तो एकदम उभा राहिला, खुर्ची मागे पडली.

"तिथं का थांबला? तो तिथंच का थांबला?"

मी फोनकडे बघितलं. ठिपका खाडीच्या बांधावर, एका वळणाशी थांबला होता. हलत नव्हता.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"उघाडी हाय," तो म्हणाला आणि खालीच बसला, फरशीवर. उघाडी म्हणजे खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधाला बसवलेलं दार. "उघाडीच्या आत. चिखलात. मी दगड ठेवलाय वर."

पुढचं त्याने आपणहून सांगितलं. त्या सकाळी मुलाने त्याला बांधावर बोलावलं होतं. म्हणाला, दादा, टाक काढून दे, गाडी बदलायची आहे. म्हणून हा अक्षता खिशात घालूनच गेला होता. तिथे त्याला पहिल्यांदा कळलं की गाडी मुलाची नव्हतीच. "साहेब, सगळ्या गावासमोर मी नारळ फोडला. व्याह्यांना मी सांगितलं, पोराची स्वतःची गाडी हाय. आमच्या घराण्याचा देव मी भाड्याच्या गाडीत बसवला! आणि तो हसायला लागला. म्हणतो, दादा, आता कोन गाडी विकत घेतंय? देवाला काय फरक पडतो, पुढच्या गाडीत बसव." त्याने रागाने ढकललं. मागे उघाडीचा दगड होता, डोकं त्यावर आपटलं.

"मग गाडी घेऊन यार्डात गेलास?"

"हां. चावी कुठं टाकायची ते त्यानंच सांगितलेलं. ती पेटीत टाकली. त्याच्या आधी अक्षता टाकून टाक उठवला."

"फोन खाडीत फेकलास. टाक का नाही फेकलास?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो. "देवाला कुठं फेकू, साहेब?"

संताप आला मला. आजही येतो. सख्ख्यासारख्या भावाला चिखलात दाबून वर दगड ठेवताना ज्याचा हात कापला नाही, त्याचा हात चांदीचा चिमूटभर पत्रा टाकताना कापला. आणि त्या कापऱ्या हातामुळेच तो पकडला गेला.

पंचांना घेऊन आम्ही उघाडीवर गेलो. ओहोटीची वेळ साधून गावातल्या कोळ्यांनी मदत केली. पंचनामा केला. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. आरोपीला शिक्षा झाली.

हवालदार उघाडीपाशीच भेटला. मी त्याची पाठ थोपटली. "बरोबर जागी थांबलास. कसं सुचलं?"

"थांबलो?" तो म्हणाला. "साहेब, तुम्हीच सांगितलेलं थांबू नकोस. मी सरळ पलीकडे जाऊन वळून आलो. कुठेच थांबलो नाही."

त्या वळणावर नेटवर्क नीट येत नाही, ठिपका अडकून बसतो, असं नंतर एका जाणकाराने सांगितलं. असेलही. मी तेच उत्तर धरून आहे.

उघाडीवर निघण्याआधी आईला काही न सांगता, तिचा फोन परत देऊन घरी पाठवलं होतं; तिला सांगायला मीच गेलो. दारात बसून तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, तिने सूप खाली ठेवलं. रडली नाही लगेच. पुतण्याचं नाव ऐकल्यावर तिने वळून देव्हाऱ्याकडे बघितलं. मग उठून कुलदेवीचा टाक काढला आणि पालथा घातला. त्यानंतर जे रडणं फुटलं ते अख्ख्या आळीने ऐकलं.

फोन मुद्देमाल म्हणून जप्त करावा लागणार होता. तिने तो पदराने पुसून दिला. ठिपका अजून चालू होता, शेलारच्या रस्त्यावर.

"आता बंद व्हनार का हा?"

"हो मावशी. कंपनीला कळवलंय."

"गाडी कोनाकडं हाय?"

"त्याच मॅडमकडे."

तिने पुन्हा एकदा ठिपक्याकडे बघितलं. "गुणाची हाय ती पोर. त्या दिवशी माजा हात धरून बसलेली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायब, तिला सांगाल? उघाडीपाशी वळान लय वायट हाय. सावकाश चालव म्हनावं."

आम्हा पोलिसांना वाटतं, गुन्हा उघड झाला की काम संपलं. यार्डातल्या त्या इनचार्जसारखंच, चावी पेटीत पडली, संपलं. वस्तू हातातून सुटते, दुसऱ्याकडे जाते, तिला काही वाटत नाही. पण कोणीतरी तिला आपलं मानलेलं असतं, देव बसवलेला असतो, आणि ते मानणं परत करता येत नाही. एवढं मी या प्रकरणात शिकलो. ते शिकवायला मला मावशीशिवाय दुसरं कोणी भेटलं नसतं.

मी मॅडमना निरोप दिला. त्यांचे डोळे भरून आले. महिना संपल्यावर त्यांनीही गाडी परत केली, तेही साहजिकच. ती यार्डात गेली, धुतली गेली, पुन्हा कोणीतरी घेतली. आज ती कोणाकडे आहे मला ठाऊक नाही. पांढरी आहे, मागच्या दाराला हंड्याचा बारीक ओरखडा आहे, आणि एसी लावल्यावर कधीतरी एखादा लाल दाणा उडून तुमच्या मांडीवर पडेल. पडला तर घाबरू नका. तुमच्यासाठी एका आईचा निरोप आहे, उघाडीपाशी वळण वाईट आहे, सावकाश चालवा.